पापनिवेदनाच्या तयारीचं ॲप : चार महिने वापरल्यावर

सहा वर्षं मी पापनिवेदनाला, म्हणजे चर्चमध्ये धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला (कन्फेशनला), गेलो नव्हतो. जायचं ठरवलं, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचेना, म्हणून फोनवर तयारीचं ॲप घेतलं. त्याचं नाव देत नाही, कारण मला जे खटकलं ते एकट्या त्याच ॲपचं आहे असं मला वाटत नाही.

आधी चांगलं सांगतो. ॲप पिनशिवाय उघडत नाही. प्रश्न बायबलमधल्या दहा आज्ञांच्या क्रमानं आहेत, विवाहितांसाठी वेगळे, तरुणांसाठी वेगळे. शेवटी पश्चात्तापाची प्रार्थना आहे. ती मी विसरलो होतो, आणि त्या एका भीतीनंच कितीतरी वेळा दारापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. ज्यांची अशी सवय तुटली आहे त्यांच्यासाठी एवढं एकच पान पुरेसं आहे. क्षमा धर्मगुरूंकडूनच मिळते, ॲपकडून नाही, हेही सुरुवातीलाच लिहिलंय. ते लिहायलाच हवं. 2011 मध्ये असंच एक ॲप अमेरिकेतल्या एका बिशपांच्या मान्यतेनं आलं, तेव्हा फोनवरच कन्फेशन होतं असा गैरसमज पसरला आणि व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना खुलासा करावा लागला होता.

आता खटकलेलं. आठव्या आज्ञेखाली प्रश्न होता, ‘मी असत्य बोललो काय?’ (भाषा सगळीकडे अशीच, भाषांतराचा वास येणारी.) शेजारी चौकोन. मी खूण केली. किती वेळा? 3. गंभीर पापं प्रकार आणि संख्या सांगून कबूल करावीत हा चर्चचा नियमच आहे, त्यामुळे आकडा विचारण्याबद्दल माझी तक्रार नाही.

आत गेल्यावर मी फोनकडे बघत वाचलं, “खोटं बोललो, तीन वेळा.” फादर थोडं थांबले. मग म्हणाले, “कुणाशी?”

मी फोन खाली ठेवला. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचे तीन फोन आले होते. आमचं भांडण चालू होतं. तिन्ही वेळा मी तिला सांगितलं, बाबा झोपलेत. बाबा जागे होते. तिसऱ्या फोननंतर त्यांनी मान वळवून विचारलं होतं, “कुणाचा रे?” आणि मी म्हणालो होतो, “राँग नंबर.”

हे बोलत असतानाच माझ्या लक्षात आलं की खोटं तीनदा नाही, चारदा बोललो होतो. बाबांशी बोललेलं मी मोजलंच नव्हतं. दोन दिवस ती यादी माझ्या खिशात होती, तरी ते दिसलं नव्हतं.

बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्राच्या मराठी भाषांतरात पापं कबूल करण्याला ती ‘पदरी घेणं’ असा शब्द आहे. लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी बाबांची वळलेली मान डोळ्यांपुढे होती आणि तो शब्द पहिल्यांदा मला कळला.

फादरांनी विचारलं, “बहिणीला माहीत आहे का?” मी नाही म्हणालो. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, मग हात उंचावून क्षमेचे शब्द उच्चारले. क्षमा मिळाली याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण बाहेर येऊन ॲप उघडलं तर एकच बटण समोर : ‘यादी पुसा’. ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करणं हाही प्रायश्चित्ताचाच भाग, आणि त्यासाठी ॲपमध्ये एक ओळसुद्धा नाही. ‘कुणाला भेटायचं, कुणाचं काय परत करायचं’ एवढी नोंद ठेवायला जागा दिली तर मी आणखी एक तारा देईन.

बहिणीला फोन केला तो आठवड्यानंतर. सगळं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, “दादा, म्हणजे ते जागे होते?”

मी हो म्हणालो.

माफ केलं असं तिनं अजून म्हटलेलं नाही. फोन मात्र उचलते.

पाचपैकी तीन तारे. प्रश्न दोन दिवस आधी सावकाश वाचा, प्रार्थना पाठ करा, आणि आत जाताना फोन बंद करून ठेवा.