पहिली जुनी शेवरले घेताय? बेल एअर, इम्पाला, कमॅरो की कॉर्व्हेट

जुनी शेवरले घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९५७ची बेल एअर उभी राहते. माझंही तसंच झालं. डेट्रॉइटजवळ राहायला आल्यावर ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा पाहायला गेलो होतो. एक पांढरी-आकाशी बेल एअर उभी होती. तिचं पेट्रोल टाकीचं झाकण मला काही केल्या सापडेना. मालकाने हसत हसत मागच्या डाव्या पंखावरची क्रोमची पट्टी उघडली, तर झाकण तिच्याआड! मी त्या दिवशी तिच्यावर जीव लावून घरी आलो. तरीही, पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याला मी बेल एअर सुचवत नाही.

आधी एक गोष्ट, जी चारही गाड्यांना लागू आहे. १९५५मध्ये मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली शेवरलेने ‘स्मॉल ब्लॉक’ नावाचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. सुरुवातीला ४.३ लिटर, मग ४.६, ५.४ आणि ५.७. आकार वाढत गेला, पण घराणं तेच राहिलं. त्यामुळे या इंजिनाचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि ते खोलता येणारा मेकॅनिक अमेरिकेत कुठल्याही गावात सापडतो. इंजिनाची चिंता शेवटी करा. आधी चिंता करायची ती पत्र्याची. आमच्याकडे मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडी खालून खातं. अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली फिकट, उन्हाने विटलेली गाडी इथल्या चकचकीत गाडीपेक्षा कधीही चांगली. रंग पुन्हा देता येतो, पण चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कुजली तर बजेट संपलंच म्हणून समजा. बघायला जाताना खिशात छोटं लोहचुंबक न्या. ते पत्र्याला धरत नसेल तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

आता बेल एअर. १९५५, ५६ आणि ५७ ही तिची गाजलेली तीन वर्षं. दिसायला ५७ची सरस, आणि किंमतही तिचीच चढी, त्यातही उघड्या टपाच्या गाडीची. मला स्वतःला ५५ची साधी, नीटस ठेवण जास्त आवडते. पण तिच्या पहिल्या व्ही-८ इंजिनात ऑइल फिल्टरची सोयच ब्लॉकमध्ये नव्हती, ती ५६पासून आली. म्हणजे ५५ घेतलीत तर ऑइल बदलायला टाळाटाळ चालणार नाही. मोठी अडचण मात्र ब्रेकची आहे. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आणि सगळ्यांसाठी ब्रेक ऑइलची एकच लाइन. एका जागी गळती लागली की पेडल थेट तळाला जातं. दोन भागांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बसवून घेता येतो, म्हणजे एक लाइन गळली तरी दुसरी चालते, आणि तो बसवाच, त्यात कंजुषी नको.

इम्पाला हा शब्द मुंबईकरांना वेगळा सांगायला नको. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ चालला, तिथे शेवरले गाड्या जुळवल्या जात, त्यामुळे नाव आधीपासून ओळखीचं होतं. इम्पाला आली १९५८मध्ये, तो कारखाना बंद झाल्यावर, आणि आमच्या वडिलांच्या पिढीसाठी ते श्रीमंतीचंच दुसरं नाव झालं. मागे प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे ही तिची साठच्या दशकातली खूण. लॉस एंजलिसच्या लोरायडर मंडळींनी, म्हणजे गाड्या रस्त्यालगत खाली बसवून मिरवणाऱ्या शौकिनांनी, १९६४ची इम्पाला तर पुजलीच.

पण १९५८ ते ६४च्या इम्पालाची चॅसी फुलीच्या आकाराची आहे, दोन्ही कडांना लांब तुळया नाहीत. बाजूने धडक बसली तर दाराखालच्या पत्र्याशिवाय आधार नाही. २००९मध्ये अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने १९५९ची बेल एअर, म्हणजे त्या वर्षीच्या इम्पालाचीच सख्खी बहीण, आणि २००९ची शेवरले मॅलिबू समोरासमोर आदळवून पाहिल्या. मॅलिबूतला चालक पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावला असता, बेल एअरमधला वाचला नसता. ‘जुना पत्रा दणकट’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही चाचणी पाहायला सांगतो. १९६५पासून चॅसी बदलली. १९६७पासून दोन लाइनचे ब्रेक आणि धडकेत आत दबणारा स्टेअरिंगचा दांडा आला. ही वर्षं लक्षात ठेवा.

कमॅरोच्या बाबतीत मला सर्वात जास्त सांगायचं आहे, कारण फसवणूक इथेच जास्त होते. फोर्ड मस्टँगला उत्तर म्हणून ती सप्टेंबर १९६६मध्ये बाजारात आली आणि पहिल्या पिढीची वर्षं तीनच: ६७, ६८, ६९. आटोपशीर, चपळ, चालवायला चौघींत सर्वात मजेची. पण साध्या गाडीला एसएसचे (‘सुपर स्पोर्ट’, म्हणजे जास्त ताकदीच्या महागड्या आवृत्तीचे) बिल्ले लावून दुप्पट भाव मागणं फार सोपं आहे. एकदा मी मित्राबरोबर ६९ची ‘एसएस’ बघायला गेलो होतो. नारिंगी रंग, काळे पट्टे, मित्र तर चेकबुक काढायच्या बेतात. मी डॅशबोर्डवर डावीकडे, काचेतून दिसणारी नंबरपट्टी वाचली. आकडे १२३३७ने सुरू होत होते. १२४३७ असते तर गाडी व्ही-८ म्हणून कारखान्यातून निघाली असती. १२३३७ म्हणजे सहा सिलिंडरची, आणि एसएस कधीच सहा सिलिंडरची नव्हती. आम्ही आभार मानून निघालो. उलट बाजूही ध्यानात घ्या: नंबर १२४३७ असला तरी गाडी एसएस होती हे सिद्ध होत नाही, फक्त व्ही-८ होती एवढंच कळतं. त्यापुढे कागदपत्रं हवीत. ती नसतील तर साध्या गाडीचाच भाव द्या. साधी व्ही-८ कमॅरो ही काही कमी गाडी नाही.

कॉर्व्हेट दोनच जणांची. सगळी फायबरग्लास, म्हणून ‘हिला गंज लागत नाही’ असं विकणारे सांगतात. बॉडीला लागत नाही, पण आतला सांगाडा लोखंडीच आहे. १९६८ ते ८२च्या गाड्यांत पुढच्या काचेभोवतीची चौकट आणि मागच्या चाकांपुढची चॅसी टॉर्च लावून बघा. १९७५च्या मूळ इंजिनाची ताकद जेमतेम १६५ अश्वशक्ती, तेव्हा नुसत्या रूपावर भुलू नका. १९७२पर्यंतच्या, दोन्हीकडे क्रोमचे बंपर असलेल्या गाड्या घ्याव्यात, पण त्यांचा भाव तसाच आहे.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण घरात दोन मुलं असलेले, एकच गॅरेज असलेले आणि रविवारी सगळ्यांना घेऊन आइस्क्रीम खायला जायचं स्वप्न बघणारे असतात. त्यांना मी १९६७ किंवा ६८ची चार दारांची इम्पाला सांगतो. संग्राहकांना दोन दारं हवी असतात, म्हणून चार दारांची बरीच स्वस्त पडते. मागे तिघं ऐसपैस बसतात, डिक्कीत सतरंजी, डबे, क्रिकेटचं किट सगळं मावतं. फक्त गॅरेज आधी टेपने मोजा. गाडी सुमारे १७ फूट ९ इंच लांब आहे आणि तिच्यापुढे बॉनेट उघडून उभं राहायला तुम्हाला जागा लागेल.