ओल्ड स्वान हॉटेल, हॅरोगेट : आईबरोबर दोन रात्री

‘लंडन नाही दाखवलंस तरी चालेल, पण अ‍ॅगाथा ख्रिस्ती सापडली ते हॉटेल मला बघायचंय,’ असं आईने साताऱ्याहून निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. म्हणून नोव्हेंबरात आम्ही दोघी दोन रात्री ओल्ड स्वानला राहिलो. लीड्सहून ट्रेनने पाऊण तासही लागत नाही. स्टेशनपासून हॉटेल चालत पंधरा मिनिटांवर आहे, पण आईच्या गुडघ्यांमुळे टॅक्सी केली.

भिंतींवर वेल चढलेली जुनी दगडी इमारत. आत कोणी कुणाला घाई करत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. दुपारच्या चहाला बसलो ते दोन तास उठलोच नाही. किटलीत गरम पाणी दोनदा आपणहून आणून दिलं. स्कोन गरमागरम होते. क्लॉटेड क्रीम चाखून आई म्हणाली, ‘अगं, ही तर आपली साय!’ आणि जॅम बाजूला सारून तिने नुसती सायच लावून खाल्ली.

बहुतेक लोक इथे त्या अकरा दिवसांच्या ओढीने येतात. ३ डिसेंबर १९२६च्या रात्री रहस्यकथा लिहिणाऱ्या ख्रिस्तीबाई घरातून निघाल्या, त्यांची मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरला बेवारस सापडली, देशभर शोधाशोध झाली आणि १४ तारखेला त्या इथे सापडल्या. आईला मात्र ते अख्खं वर्षच मोठं वाटतं, आणि तिचं ऐकल्यावर मलाही पटलं. एप्रिलमध्ये त्यांची आई गेली. जूनमध्ये ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आली. २०१३ मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेने आजवरची सर्वोत्तम रहस्यकादंबरी म्हणून निवडली ती हीच. खरं तर मिरवायचं वर्ष. पण त्या उन्हाळ्यात त्या टॉर्कीला आईचं घर आवरत बसल्या होत्या. ट्रंका, जुने कपडे, पत्रं. चेकवर सही करायला गेल्या तर स्वतःचं नावच आठवेना. ऑगस्टमध्ये नवऱ्याने सांगितलं की दुसरीवर जीव जडलाय. आणि ती बेवारस सापडलेली मॉरिस काउली? ती त्यांनी लेखनाच्या पैशातूनच घेतली होती. एका सांजदैनिकाने आधीची एक कादंबरी क्रमशः छापायला ५०० पौंड दिले, त्यातून.

इथल्या नोंदवहीत त्यांनी लिहिलं, मिसेस टेरेसा नील, केप टाउन. नील हे नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं आडनाव.

हे सांगताना आईने चमचा खाली ठेवला. ‘लग्नात माझं नाव बदललं ना, तर सहा महिने सासूबाईंनी हाक मारली तरी मी ओ देत नव्हते. वाटायचं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.’ हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

१९२७च्या फेब्रुवारीत ख्रिस्तीबाई मुलीला घेऊन कॅनरी बेटांवर गेल्या आणि मन लागत नसताना, पैशांची गरज म्हणून, ‘द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन’ लिहीत राहिल्या. आपण हौशी लेखिकेच्या व्यावसायिक झालो त्या तेव्हा, असं त्यांनी आत्मचरित्रात म्हटलंय. हरवण्याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. अ‍ॅक्रॉइडपेक्षा ही न आवडती कादंबरी पुरी करणं मोठं, असं आईचं ठाम मत आहे. माझंही आता तेच झालंय.

जायचं असेल तर एक सांगते. जुलैमध्ये याच हॉटेलात गुन्हेकथा-लेखकांचा महोत्सव भरतो. लेखक बघायचे असतील तर तेव्हा जा, पण खोली फार आधी धरा. आमच्यासारखं निवांत बसायचं असेल तर थंडीतच बरं.

निघताना आईने अभिप्रायाच्या कार्डावर मराठीत चार ओळी लिहिल्या आणि खाली माहेरच्या नावाने सही केली. काउंटरवरच्या मुलीला त्यातलं अक्षरही कळेना, तेव्हा तिने वाचून दाखवाल का म्हणून विचारलं. आईने चष्मा लावला आणि सावकाश, सहीसकट वाचून दाखवलं.