जुनी ब्युरेट घ्यायची, तर कोणती?

प्रयोगशाळेच्या जुन्या काचसामानात ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची खुणांची नळी, मुख्यतः तीन तऱ्हांची सापडते: गे-ल्युसॅकची, मोरची आणि काचेच्या तोटीची. नुसती कपाटात मांडायची असेल तर दिसायला आवडेल ती घ्या. टायट्रेशन (एक द्रावण थेंबाथेंबाने मिसळून दुसऱ्याची तीव्रता काढणं) करून दाखवायचं असेल, तर तिच्यात काय भरणार ते आधी ठरवा.

गे-ल्युसॅकच्या ब्युरेटला तोटी नाही, रबरही नाही. जाड नळीच्या तळातून बारीक नळी निघते, समांतर वर चढते आणि टोकाला चोचीसारखी वाकते. हातात धरून कलवली की थेंब पडतो. द्रावणाला फक्त काच लागत असल्यामुळे पोटॅशियम परमँगनेटही बिनधास्त भरा. पण एंड पॉइंटजवळ (प्रक्रिया पूर्ण होते त्या थेंबापाशी) हात जरा जास्त कलला की टायट्रेशन पुन्हा पहिल्यापासून! तळहाताच्या उबेने द्रावण फुगतं ते वेगळंच. घेताना बारीक नळीचा तळचा सांधा उजेडात धरून पाहा.

कोब्लेन्झचे औषधनिर्माते कार्ल फ्रीडरिश मोर यांनी 1850च्या दशकात खाली रबरी नळी आणि तारेचा चिमटा बसवला. कॉस्टिक सोड्यासाठी हीच घ्या. काहींत चिमट्याऐवजी रबरात काचेचा मणी असतो. तिथे मण्याच्या बाजूलाच दाबायचं. मण्याखाली दाबलं तर बोट सोडताच हवा आत ओढली जाते आणि रीडिंग चुकतं. भरल्यावर रबर वरच्या बाजूला वाकवून दाबा, बुडबुडा निघून जातो. जुनं रबर कडक झालेलं असणारच, ते बदला. परमँगनेट, आयोडीन, सिल्व्हर नायट्रेट मात्र हिच्यात नको. ती रबरावर खर्ची पडतात, द्रावण कमकुवत होतं.

या तिघांसाठी काचेची तोटी. तिच्यात कॉस्टिक सोडा रात्रभर राहिला तर सकाळी तोटी फिरत नाही. जुन्या तोट्या जोडीने घासलेल्या असतात, दुसऱ्या ब्युरेटची तोटी बसवली तर गळते. ग्रीस अगदी पातळ लावा, छिद्राजवळ नको.

काचेवर 17.5° अशी खूण दिसली तर ब्युरेट मोरच्या लिटरची (17.5° सेल्सिअसला हवेत एक किलो भरणारं पाणी जेवढी जागा घेतं तो लिटर) असू शकते. तो आजच्या लिटरपेक्षा सुमारे 2 मिलीने मोठा. 27° सेल्सिअसच्या पाण्याचे 10 मिली सोडून वजन करा: आजच्या मापाची असेल तर 9.95 ग्रॅमच्या आसपास, मोरच्या मापाची असेल तर 9.98. पिपेट (ठरावीक माप ओढून घ्यायची नळी) आणि फ्लास्कही त्याच मापाचे असतील तर काही बिघडत नाही. आजच्या पिपेटबरोबर वापरली, तर 50 मिलीमागे एक दशांश मिलीहून जास्त फरक पडतो.