उजनीच्या पाण्यावर दोन इंजिनांची बोट, सात महिन्यांनंतर

बोट घेतली तेव्हाच ठरवलं होतं, की भरपूर चालवल्याशिवाय तिच्याबद्दल बरं-वाईट काही लिहायचं नाही. आता मीटरवर १४० तास चढलेत, म्हणून लिहायला बसलोय.

२१ फुटी फायबरची बोट, तळ खोल व्ही आकाराचा, मागे ११५ हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं. कोकण किनाऱ्यावरून जुनी घेतली, आम्ही सोलापूरच्या चौघांनी भागीत. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात एक प्रवासी बोट उलटली, सहा माणसं गेली. तेव्हापासून मनात होतं, की करमाळ्याच्या बाजूला एक वेगवान बोट कायम तयार असावी. दोन इंजिनं घेतली तीही त्यासाठीच. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर परत येता आलं पाहिजे.

ताशी ५५-६० किलोमीटरपर्यंत बोट फार चांगली. लाटा कापते, अंगावर पाणी कमी उडतं, वळणात घट्ट बसते. दोन्ही इंजिनं उलटसुलट गिअरमध्ये टाकली की जागच्या जागी फिरते, काठाला लावताना याचा फार उपयोग होतो. पेट्रोल मात्र पिते. फुल थ्रॉटलला दोन्ही मिळून तासाला ७५ लिटरच्या आसपास जातं.

त्रास सुरू झाला तो ६२ च्या पुढे. नोव्हेंबरात एका सकाळी, पाणी काचेसारखं असताना, बोट आधी हळूच उजवीकडे कलली, मग डावीकडे, आणि प्रत्येक वेळी आदल्यापेक्षा जास्त. चार-पाच झोक्यांत पोटात गोळा आला. मी स्टीअरिंगने सावरायला गेलो आणि झोके दुप्पट झाले. याला चाइन वॉक म्हणतात. वेग वाढला की व्ही तळाची मागची चिंचोळी पट्टी तेवढी पाण्याला टेकते आणि अख्खी बोट तिच्यावर तोललेली असते. त्यात कुठूनही धक्का मिळाला की ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पडते. चालवणाऱ्याचा हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोहोचतो, म्हणून सावरणंच झोक्याला जोर देतं.

पहिला महिना आम्ही फुकट घालवला, कारण एकदम सगळंच बदलत बसलो. मग आमच्याबरोबर येणारे मासेमारीवाले मामा एकदा म्हणाले, "मालक, पाणी तेच, वारं तेच. परवा चौघं होता तवा हालली न्हाई, आज एकटं हाय तर हालती. ह्याच्यात बदललं काय ते बघा की आधी." तिथून वही घातली. प्रत्येक फेरीला माणसं किती, पेट्रोल किती, दोन्ही इंजिनांचे आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, झोका कोणत्या वेगाला सुरू झाला, हे लिहायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुढे माणसं बसली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दबते, जास्त तळ पाण्यात राहतो आणि झोका थांबतो, हे दोन दिवसांत कळलं. पण त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

बोट ट्रेलरवर चढवून गवंड्याची ॲल्युमिनियमची सहा फुटी पट्टी तळाला मागून लावून पाहिली. ट्रेलरवर आधार नीट नसला तर मागचा तळ दबून त्याला बाक येतो. आमचा सरळ निघाला, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

खरा चोर स्टीअरिंगमध्ये होता, निदान मोठा चोर. चाक एकाने घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने मागे जाऊन इंजिन दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे ढकलायचं. डावं हललं नाही. उजवं तीन सूत हललं आणि हलताना टक् असा बारीक आवाज आला. दोन्ही इंजिनांना जोडणारा जो दांडा असतो, टाय बार, त्याच्या उजव्या टोकाचा बॉल जॉइंट झिजला होता. जॉइंटवर हाताचं बोट ठेवून पुन्हा हलवलं तर ढिलेपणा स्पष्ट लागत होता. म्हणजे वेगात उजवं इंजिन आपल्या मनाने तीन सूत इकडेतिकडे होत होतं, आणि आम्ही तळाला दोष देत होतो. शिवाय स्टीअरिंगच्या हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागात, हवा होती, चाक शेवटी स्पंजासारखं लागायचं. जॉइंट बदलला, तेल भरून हवा काढली. झोका ६२ ऐवजी ६८ ला सुरू व्हायला लागला. वहीत हा आकडा लिहिताना जो आनंद झाला तो अजून आठवतो.

त्यानंतर ट्रिम, म्हणजे इंजिन बोटीकडे आत किंवा बाहेर किती कललंय तो कोन. डॅशबोर्डवरचे दोन्ही काटे बरोबरीला होते, म्हणून आम्ही तिकडे पाहिलंच नव्हतं. मोबाइल दोन्ही इंजिनांवर एकाच जागी टेकवून कोन मोजला तेव्हा अडीच अंशांचा फरक निघाला. काट्याला माहिती देणारा सेन्सर सरकला होता. एक इंजिन आत आणि एक बाहेर असलं की बोट आधीच एका कडेला झुकलेली धावते, झोक्याला निमित्तच मिळतं. जुनी दोन इंजिनांची बोट घेणाऱ्याने काट्यावर विश्वास ठेवू नये, कोन स्वतः मोजावा.

पंख्यांचं, म्हणजे इंजिनांच्या प्रॉपेलरचं, थोडं सविस्तर सांगतो. मागून पाहिलं तर उजवा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि डावा उलटा, म्हणजे दोघांचा पीळ एकमेकांना मारतो. आमचा डावा पंखा डिसेंबरात पाण्याखालच्या बाभळीच्या खोडाला लागला होता. पातं डोळ्याला सरळ दिसायचं, पण तेवढ्याच थ्रॉटलला डावं इंजिन अडीचशे आरपीएम मागे. पंखे अदलाबदल करून बघावं म्हटलं तर उलट्या फिरण्यामुळे ते जमत नाही, सुटा डावा पंखाच लागतो.

दुसरी गोष्ट पिचची, म्हणजे पंखा एका फेऱ्यात हिशेबाने किती इंच पुढे सरकेल त्या मापाची. समुद्रावर ही बोट १९ पिचच्या पंख्यांवर छान धावायची. उजनीचं धरण भरतं तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर असते. दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण ३ टक्के कमी होते, म्हणजे इथे ५ टक्के गेलीच, वर सोलापूरचं ऊन हवा आणखी विरळ करतं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळे बोट थोडी जास्त बुडते. इंजिन फुल थ्रॉटललाही दमल्यासारखं चालायचं. दोन्हीकडे १७ पिचचे नवे पंखे लावले. एका पिचला दीडशे-दोनशे आरपीएमचा फरक पडतो, तो तसाच पडला, आणि दोन्ही इंजिनं बरोबरीने चढायला लागली. वरचा वेग फारसा गेला नाही. उठाव, म्हणजे जागेवरून झटकन वेग घेणं, मात्र खूप सुधारला, आणि मदतीला निघायचं तर मला तोच हवा होता.

बॅटरी आणि जादा पेट्रोलचे कॅन एका बाजूला होते, ते मध्यरेषेवर घेतले. तळातलं साचलेलं पाणी रोज काढतो.

आज एकट्याने ७२ पर्यंत बोट शांत जाते. मागून वारा असला आणि टाकी अर्धी रिकामी असली तर ७० ला अजून किंचित डुलते. तेव्हा मी चाक स्थिर धरतो, ट्रिम थोडी आत घेतो आणि थ्रॉटल हळूहळू उतरवतो. एकदम सोडला तर नाळ खाली आदळते आणि बोट आडवी वळू शकते. जॅकेट आणि मनगटाला किल-स्विचची दोरी (माणूस पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं) यांच्याशिवाय आम्ही कुणालाच चाकाला हात लावू देत नाही, मी धरून.

आता मेमध्ये पाणी खूप खाली गेलंय, खोडं उघडी पडलीत, म्हणून वेगाच्या फेऱ्या बंद आहेत. धरण भरलं की दोन्ही इंजिनं बसवायच्या बोल्टच्या भोकांवर एक-एक भोक वर उचलून बघायचं आहे. वहीत त्यासाठी पान कोरं ठेवलंय. टाय बारचा जॉइंट मात्र दर ५० तासांनी हाताने हलवून बघतो, आणि तारीख पांढऱ्या रंगाने इंजिनाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लिहितो.