टॉर्क विचारला, क्रमांक पाहिला नाही

माझ्याकडे 1994 सालची महिंद्रा एमएम 540 जीप आहे. पानशेत आणि ताम्हिणीच्या बाजूच्या चिखलवाटांसाठी ती ठेवलेली. पण तिचे मूळ 2112 सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन दोन वर्षांपासून धूर ओकत होते आणि हीटर प्लग तापवूनही हिवाळ्यात सकाळी दाद देत नव्हते. इंजिन बदलण्याचे ठरवले आणि कात्रजच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याशी बोलणी सुरू झाली.

त्याने पर्याय फार तयारीने मांडले, हे मान्य करायला हवे. पहिल्या थारमधले 2498 सीसीचे सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिझेल) इंजिन 105 बीएचपी ताकद देते, परंतु त्याच्याबरोबर ईसीएम (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू), सेन्सर आणि सगळे वायरिंग आणावे लागते, आणि डोंगरात एखादा सेन्सर रुसला की गावातला मिस्त्री हात टेकतो. 2523 सीसीचे डीआय टर्बो ताकदीत प्यूजोच्या बरोबरीचेच, म्हणजे 63 बीएचपीचे. मात्र त्याचा पूर्ण टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) 1500 ते 1800 आरपीएमलाच, म्हणजे इंजिन संथ फिरत असतानाच मिळत असल्याने लो गिअरमध्ये चढ चढताना इंजिन ताणावे लागत नाही. मी डीआय निवडले. ही निवड आजही मला चुकीची वाटत नाही. पण तीन आठवडे मी टॉर्कचेच प्रश्न विचारत राहिलो आणि इंजिन कोणत्या गाडीतून निघाले, हे अगदी शेवटी, जाता जाता विचारले. “अपघाताची गाडी आहे साहेब, स्क्रॅपवाल्याचं बिल देतो, पासिंगचंही मीच बघतो,” एवढ्या उत्तरावर माझे समाधान झाले.

एकूण 1,40,000 रुपये ठरले. त्यांपैकी 60,000 मी बँकेतून पाठवले आणि बाकीचे त्याच्या आग्रहावरून रोख दिले. त्या रोख रकमेची पावती आजतागायत मिळालेली नाही. जुने इंजिन बदल्यात घेतो म्हणून त्याने 15,000 रुपये वजा केले, तेव्हा मला तो सज्जन वाटला होता. इंजिन ऐकायला गेलो तेव्हा ते आधीच तापलेले होते. झिजलेले इंजिन जाड ऑइल घालून, गरम करून दाखवतात, ही माहिती मला नंतर मिळाली.

फिटिंग झाल्यावर आरसीवर नोंद करून घेण्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी नेली. निरीक्षकांनी ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावरचा क्रमांक चिंधीने पुसला, त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि कागद माझ्या हातात दिला. बिलावरचाच क्रमांक उमटला होता, पण तीनचा आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा किंचित खाली बसलेला होता, आणि सगळ्या ओळीखाली ग्राइंडरच्या तिरप्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. मूळ क्रमांक घासून नवा ठोकलेला होता. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आधी परवानगी घ्यायला हवी होती, तीही मी घेतलेली नव्हती.

गॅरेजवाल्याने स्क्रॅपवाल्याकडे बोट दाखवले; बिलावरच्या पत्त्यावर त्या नावाचे दुकानच नाही. मी पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे, कारण असे इंजिन चोरीच्या गाडीचेही असू शकते आणि उद्या त्याचे उत्तर मलाच द्यावे लागेल. कोणी इंजिन बदलणार असेल, तर पैसे देण्यापूर्वी ज्या गाडीतून ते निघाले तिच्या आरसीची आणि नोंदणी रद्द झाल्याची कागदपत्रे मागावीत, ब्लॉकवर स्वतः पेन्सिल फिरवून क्रमांक ताडून पाहावा, आणि परवानगी हातात येईपर्यंत जुने इंजिन गाडीतून खाली उतरवू देऊ नये. माझ्या आरसीवर आजही प्यूजोचाच क्रमांक आहे, आणि तो ब्लॉक गॅरेजवाल्याने भंगारात विकला आहे.

गेल्या आठवड्यात त्या ब्लॉकच्या शोधात नाना पेठेत फिरलो. एका दुकानदाराने इंजिनाची ताकद विचारली नाही, सीसी विचारले नाहीत, “नंबर काय?” एवढेच विचारले. मी आरसी पुढे केली. त्याने ती वाचली, दुकानामागे तेलाने काळ्या पडलेल्या ब्लॉकांच्या ढिगाकडे हात केला आणि म्हणाला, “बघा शोधून.”