इव्हॅक्युएशन चेअर की ओढायची मॅट? आधी जिन्याचं वळण बघा

व्हीलचेअरवरचा किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस वरच्या मजल्यावर राहत असेल, तर आग लागल्यावर लिफ्टचा विचार करायचाच नाही. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत उचलून न्यायचं, असं बऱ्याच सोसायट्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. जिन्यात त्या खुर्चीचा पाय मोडला की पाचही जण खाली येतात, म्हणून ती बाजूलाच ठेवू. निवड इव्हॅक्युएशन चेअर (माणसाला बसवून जिन्यावरून सरकवत उतरवायची खुर्ची) आणि मॅट (माणसाला आडवं बांधून ओढत न्यायची गादी) यांतच आहे.

चेअरच्या मागच्या बाजूचे रबरी पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकले की वेग आवरला जातो. सराव असलेला एकटा माणूसही स्वतःपेक्षा जड व्यक्तीला उतरवू शकतो. आडवं झाल्यावर धाप लागणाऱ्याला बसून उतरता येतं, हा फायदा मोठा. जिना सरळ आणि लँडिंग मोकळं असेल, तर चेअरला तोड नाही.

पण आपल्याकडच्या जुन्या अपार्टमेंटांचे जिने बघा. जागा वाचवायला लँडिंग कापून वळणात त्रिकोणी पायऱ्या बसवलेल्या असतात. दोन्ही पट्टे एका वेळी किमान दोन कडांवर सारखे टेकले, तरच चेअर तोल धरते. त्रिकोणी पायरीवर एक पट्टा टेकतो, दुसरा अधांतरी राहतो आणि चेअर कलते. उचलायला लागू नये म्हणून आणलेली चेअर तिथे माणसासकट उचलावी लागते, तीही नेमकी पाय ठेवायला जागा नसलेल्या वळणावर. लँडिंगवरचे चपलांचे स्टँड आणि सायकली हलवता येतात, जिना हलत नाही. जुलैत ओल्या, गुळगुळीत पायऱ्यांवर पट्ट्यांची पकडही कमी होते. आम्ही मॅट घेतली ती या वळणामुळे.

मॅट वळणाबरोबर वळते. छाती, कंबर आणि गुडघे अशा तीन ठिकाणी पट्टे बांधायचे. छातीच्या पट्ट्याखाली तळहात सरकला पाहिजे. डोक्याखाली दुमडलेला टॉवेल. लघवीची पिशवी असेल, तर तिची नळी पट्ट्याखाली दबू देऊ नका. जिन्यात पाय पुढे: खालचा माणूस दिशा देतो, वरचा डोक्याकडचा पट्टा धरून वेग रोखतो. वरच्याने पट्टा मनगटाला गुंडाळू नये, मॅट निसटली तर तोही तिच्याबरोबर ओढला जातो. वळणावर थांबून पायांची बाजू बाहेरच्या रुंद कडेने फिरवायची. सराव आधी ५० किलोच्या पोत्यावर करा, मग धडधाकट माणसावर.

मॅटचे तोटे लहान नाहीत. किमान दोघे लागतात, प्रत्येक पायरी पाठीला जाणवते, आणि हाडं ठिसूळ असणाऱ्याला किंवा आधीच जखमा असणाऱ्याला हा मार्ग बहुधा झेपणार नाही. अशा घरी डॉक्टरांना विचारूनच ठरवलेलं बरं.

कोल्हापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर या भागांत पुराचाही हिशेब धरावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. घर पूररेषेत असेल, तर ३९ फुटांच्या आतच, रस्ता कोरडा असताना, व्हीलचेअर आणि तिच्या उशीसह गाडीने निघावं. उशी राहिली, तर निवाऱ्यात कठीण जागी बसून बसून जखमा होतात. उशीर झालाच, तर कडेला मुठी असलेली मॅट चौघांना धरून नावेपर्यंत नेता येते. चेअर तिथे अडचणच करते. मात्र नावेत ठेवताच सगळे पट्टे सोडा आणि लाइफ जॅकेट घाला. बांधलेल्या माणसाला पाण्यात हातपायही हलवता येत नाहीत.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. आपल्या घरातलं नाव तिथे आहे का, हे पावसाळ्याआधी विचारा. आणि जिना सरळ असल्याने चेअरच घेणार असाल, तर ती वॉचमनच्या खोलीत नको. त्या माणसाच्या मजल्यावर, दाराजवळच्या भिंतीला टांगा.