कुटुंब, स्थलांतर आणि मुलाखत : एका प्रशिक्षण कार्यशाळेचे परीक्षण

पुण्यातील एका संस्थेने कुटुंब, स्थलांतर आणि लिंगभाव यांवरील संशोधनासाठी मुलाखती कशा घ्याव्यात याचे निवासी प्रशिक्षण मराठीतून आयोजित केले होते. मी त्यात शिकणाऱ्यांच्या बाकावर होते. या विषयावर मराठीतून, आणि तेही क्षेत्रकार्यासह, शिकायला मिळणे दुर्मीळ असल्यामुळे त्याचे सविस्तर परीक्षण व्हायला हवे असे वाटले. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण व्यवस्थेबद्दल माझ्या काही गंभीर तक्रारी आहेत आणि त्या मी आयोजकांना थेट कळवल्या आहेत. वाचकांच्या उपयोगाचे आहे ते या प्रशिक्षणात काय शिकवले गेले आणि काय राहून गेले, एवढेच.

पहिल्याच सत्रात प्रशिक्षक बाईंनी फळ्यावर काही आकडे लिहिले. जुलै २०२० ते जून २०२१ या काळातील नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील २८.९ टक्के लोक स्थलांतरित आहेत. पुरुषांमध्ये हे प्रमाण १०.७ टक्के, तर स्त्रियांमध्ये ४७.९ टक्के आहे. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के जणींच्या स्थलांतराचे कारण ‘विवाह’ असे नोंदले गेले आहे. त्यानंतर त्यांनी वर्गाला विचारले की बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून लग्न होऊन धारूर तालुक्यात आलेली आणि दर वर्षी दिवाळीच्या आसपास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात जाणारी बाई या आकड्यांत कुठे आहे. ती ‘विवाह’ या रकान्यात आहे, आणि तिची ऊसतोडीची ये-जा बहुधा कुठेच नाही, कारण एखाद्या ठिकाणी सलग सहा महिने किंवा अधिक काळ राहिल्याशिवाय ते नेहमीच्या राहण्याचे ठिकाण मानले जात नाही. सर्वेक्षणाला नावे ठेवण्याचा मोह इथे सहज झाला असता, पण बाईंनी तो टाळला. देशभरातल्या लाखो माणसांना विचारायचा प्रश्न आटोपशीरच असावा लागतो. एका कारणाच्या रकान्यात न मावणारे आयुष्य समजून घेण्यासाठीच तर सविस्तर मुलाखत असते, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. पुढची सगळी सत्रे या भूमिकेशी बांधलेली राहिली.

या प्रशिक्षणाचा गाभा असा की कुटुंबाची मुलाखत म्हणून जी घेतली जाते, ती प्रत्यक्षात घरातल्या एकाच माणसाची असते, आणि तो माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो. ऊसतोडीत मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांचे एकच एकक, लिहिला जातो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर पडते. बायको उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, पण वहीत तिचे वेगळे नाव नसते. कुटुंबप्रमुखाला समोर बसवून घरादाराची माहिती लिहून घेणारा संशोधक नकळत त्या मुकादमासारखीच वही लिहीत असतो. म्हणून नवरा आणि बायको यांच्या मुलाखती एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी, दोन मुलाखतकारांनी घ्याव्यात अशी पद्धत इथे शिकवली गेली. एकाच वेळी घेण्यामागे व्यावहारिक कारण आहे: एकाची आधी झाली, तर दुसऱ्याला काय सांगायचे ते घरात ठरून जाते. दोघांच्या उत्तरांत तफावत आली तर ती ‘दुरुस्त’ करायची नाही, दोन्ही उत्तरे जशीच्या तशी ठेवायची आणि ती तफावत हाच अभ्यासाचा विषय मानायचा, यावर बाईंचा फार कटाक्ष होता. उचल किती घेतली याचा आकडा नवऱ्याला पाठ असतो. त्यातली किती फिटली आणि किती पुढच्या हंगामावर गेली, हे बायकोला अनेकदा माहीत नसते किंवा वेगळेच माहीत असते. त्या वेगळेपणातून घरातले पैशाचे व्यवहार जितके कळतात, तितके दोघांना एकत्र बसवून कळत नाहीत.

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे जीवनपटाची दिनदर्शिका. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या लोकसंख्या-अभ्यासकांनी १९८० च्या दशकात हे साधन रूढ केले. एका मोठ्या कागदावर आडव्या रेषेत वर्षे मांडायची आणि उभ्या बाजूला राहण्याचे ठिकाण, काम, बाळंतपणे, घरातली माणसे, कर्ज अशा ओळी आखायच्या. ज्यांना सन आठवत नाही त्यांच्यासाठी आधी ठाऊक असलेल्या घटना कागदावर लिहून ठेवायच्या. मराठवाड्यासाठी १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१६ ची नोटाबंदी आणि २०२० ची टाळेबंदी, तर मुंबईच्या कुटुंबासाठी १९८२ चा गिरणी संप आणि २६ जुलै २००५ चा पूर अशा खुणा आम्ही लिहिल्या. सरावासाठी आम्हाला घरकाम करणाऱ्या एका बाईंशी बोलायला मिळाले. ‘तुम्ही पुण्यात कधी आलात?’ या प्रश्नाला त्यांनी लग्नानंतर आलो, तेव्हापासून इथेच, असे एका वाक्यात उत्तर दिले. तोच कागद पुढे ठेवून बाळंतपणांपासून सुरुवात केली, तेव्हा पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी होत्या, तिथून परत सासरी गावाला राहिल्या, मधले काही हंगाम ऊसतोडीला गेल्या, मोठी मुलगी आजीकडे ठेवली, आणि नवऱ्याला बांधकामावर दुखापत झाल्यावरच त्या खऱ्या अर्थाने पुण्यात आल्या, असा पट उलगडला. मुलगी आजीकडे होती ती वर्षे कागदावर भरताना त्या स्वतःच थांबल्या आणि बोटाने रकाने मोजू लागल्या. या साधनाचे मोल मला त्या क्षणी पटले. तारखा अचूक मिळतात हे आहेच, पण आपण कधी कोणापासून दूर होतो हे सांगणाऱ्यालाही दिसते.

घरातल्या निर्णयांविषयीचे सत्र मला सगळ्यात उपयोगी वाटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रीला तिच्या स्वतःच्या औषधोपचाराविषयी, घरातल्या मोठ्या खरेदीविषयी आणि तिच्या माहेरच्या माणसांकडे जाण्याविषयी निर्णय कोण घेते असे विचारले जाते, आणि मोजमापासाठी ते योग्यही आहे. मुलाखतीत मात्र ‘निर्णय कोण घेतो?’ असे विचारले की ‘दोघं मिळून’ हे उत्तर येते आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी एकच घडलेली गोष्ट धरायची आणि ती पायरीपायरीने विचारायची. प्रशिक्षक बाईंनी उदाहरण दिले ते वाढ्यांचे. ऊस तोडल्यावर शेंड्याकडचे हिरवे वाढे चारा म्हणून विकले जातात. काल वाढे कोणी बांधले, गिऱ्हाइकाशी बोलले कोण, पैसे कोणाच्या हातात आले, रात्री ते कुठे ठेवले आणि आज सकाळी त्यातून काय आणले, असे विचारत गेले की ‘दोघं मिळून’ या उत्तराच्या आत काय दडले आहे ते बाहेर येते. असा प्रश्न कोणाला टोचत नाही आणि सासूसमोरही विचारता येतो.

वेळेच्या रोजनिशीवर एक सत्र होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार अशा चोवीस तासांची अर्ध्या अर्ध्या तासाने नोंद केली गेली. बिनमोलाच्या घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. हीच चौकट कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या बाईला लावून पाहा, असे आम्हाला सांगण्यात आले. भाकरी थापायला तीन वाजता उठणाऱ्या बाईच्या दिवसाची सुरुवात या कागदाच्या शेवटच्या रकान्यांत जाऊन पडते, आणि मोळी बांधताना बांधावर ठेवलेल्या लेकराकडे लक्ष ठेवणे हे वेगळे काम म्हणून कोणी सांगतच नाही. ‘त्या वेळी मूल कुठे होते?’ हा प्रश्न प्रत्येक रकान्याला विचारायचा, हा इथे शिकलेला धडा मी माझ्या प्रश्नावलीत लगेच घातला. नातेसंबंधांच्या आराखड्याचे सत्र त्यामानाने नेहमीचे होते. पुरुषासाठी त्रिकोण आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढून वंशावळ मांडण्याची पद्धत मानववंशशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात असते. स्त्रीचा आराखडा माहेरापासून सुरू करावा ही सूचना तेवढी मोलाची होती, कारण सासरपासून सुरू केला तर ती कुठून आली आणि अडचणीत कोणाकडे जाऊ शकते हे कागदावर येतच नाही.

एका ठिकाणी प्रशिक्षणाने स्वतःच्याच पद्धतीला मर्यादा घातली, याचे मला मनापासून कौतुक आहे. घरातल्या हिंसेविषयी संशोधन करताना जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली जी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारावे आणि पूर्ण एकांत असल्याशिवाय विचारू नये असे म्हटले आहे. नवरा-बायकोच्या जोडमुलाखतीचा हट्ट इथे चालत नाही, कारण पलीकडे नवऱ्यालाही तेच विचारले गेल्याचे कळले तर मुलाखत संपल्यावर त्या बाईला मार बसू शकतो. कोणी अचानक आत आले तर लगेच काढता येईल अशी आहाराविषयीच्या साध्या प्रश्नांची यादी वहीत वर ठेवावी, हे आमच्याकडून सरावात करून घेतले. माहिती मिळवण्यापेक्षा माहिती देणारी सुरक्षित राहणे आधी येते, हे इतक्या ठोसपणे शिकवणारे प्रशिक्षण मी याआधी पाहिलेले नाही.

आता तक्रारी. क्षेत्रकार्यासाठी आम्हाला नेलेल्या वस्तीत ठेकेदारामार्फत निरोप दिला गेला होता. ज्या माणसाकडून लोकांनी आगाऊ पैसे घेतले आहेत त्याच्या ओळखीने त्यांच्या दारात जाणे म्हणजे कर्जाविषयीच्या प्रत्येक उत्तरावर त्याची सावली पाडणे आहे, आणि हे आदल्याच दिवशी वर्गात सांगितले गेले होते. बायका एका पत्र्याच्या शेडमध्ये एकत्र बसवल्या होत्या, दारात पुरुष उभे होते आणि वेळ संध्याकाळची, म्हणजे चूल पेटवण्याची होती. त्या परिस्थितीत झालेल्या मुलाखतींतून आम्ही काहीही शिकलो असे म्हणता येणार नाही, आणि त्या बायकांचा वेळ वाया गेला हे अधिक वाईट झाले. वस्तीतल्या आशा कार्यकर्तीशी किंवा बचत गटाशी आधी बोलून, कोणाला कोणती वेळ सोयीची आहे हे विचारून जाणे अजिबात अवघड नव्हते.

संमतिपत्राचा मसुदाही असाच होता. ‘सदर संशोधन प्रकल्पात सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने संमती असून’ अशा वाक्यांच्या कागदावर अंगठा घेतल्याने संमती मिळत नाही. आमच्या गटाने तो बोलण्याच्या भाषेत पुन्हा लिहिला: आम्ही कोण, हे कशासाठी विचारतो, तुमचे बोलणे कोण ऐकेल, आणि नको वाटले तर केव्हाही थांबा, त्यासाठी कारण सांगायची गरज नाही. आयोजकांनी हा मसुदा स्वीकारला, ही चांगली गोष्ट आहे.

कोकणाचा विषय मात्र उरकल्यासारखा झाला. नवरा मुंबईत, आखातात किंवा जहाजावर आणि बायको रत्नागिरी-सिंधुदुर्गात, अशा घरांचा इतिहास गिरण्यांच्या काळापासूनचा आहे. अशा घरात दोघांच्या मुलाखती एकाच वेळी घ्यायच्या तर एक फोनवर होणार. फोनवर एकांत आहे की नाही हे कसे ओळखायचे, पैसे पाठवणाऱ्याला आणि ते खर्च करणाऱ्याला एकमेकांचा हिशेब उघड न करता काय विचारायचे, या अडचणींवर किमान अर्धा दिवस हवा होता. केरळमध्ये तिरुअनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून स्थलांतराची सर्वेक्षणे सातत्याने केली आहेत आणि मागे राहिलेल्या पत्नींचाही त्यांत अभ्यास झाला आहे. तो अनुभव वर्गात यायला हवा होता.

ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवण्याच्या सत्रात बोलीतली वाक्ये प्रमाण मराठीत ‘नीट’ करून लिहिलेले नमुने दिले गेले, ते मला मान्य नाही. कोण मध्येच बोलले, कुठल्या प्रश्नाला सुनेऐवजी सासूने उत्तर दिले, कुठे बाई गप्प राहिली, हे त्या नमुन्यांत कुठेच नव्हते, आणि लिंगभावाच्या अभ्यासात नेमके तेच लागते.

शुल्क विद्यार्थ्यांना परवडण्याजोगे होते, जेवण साधे आणि चांगले होते. लहान मूल असलेल्या प्रशिक्षणार्थींसाठी मात्र कोणतीही सोय नव्हती, आणि त्यामुळे एका सहभागी बाईंना दुपारची सत्रे सोडावी लागली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि स्थलांतरित वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे प्रशिक्षण जरूर घ्यावे. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: क्षेत्रकार्यासाठी वस्तीत प्रवेश कोणाच्या ओळखीने मिळणार आहे, आणि मुलाखतीची वेळ कोणी ठरवली आहे.